सायकलवरून ऑफिसला, शर्ट मात्र इस्त्रीचाच

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेला नाशिककर पहिल्या आठवड्यातच थबकतो. सुटाबुटातला माणूस सायकलवरून ऑफिसला चाललेला असतो आणि त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. मार्क रुटे पंतप्रधान असतानाही सायकलने कामावर जात. सायकलने येणाऱ्याला कंपनी किलोमीटरमागे २३ युरोसेंटपर्यंत करमुक्त भत्ता देऊ शकते. याचं कौतुक वाटतंच.

पण त्यावरून "आपल्याकडे मानसिकताच नाही" असं कोणी म्हणालं की राग येतो. इथे नेदरलँड्समध्ये चढ जवळपास नाहीत, उन्हाळ्यातही पारा बहुधा विशीच्या आसपास, चेन पूर्ण झाकलेली. ताठ बसून सावकाश पायडल मारायचं, घाम येणार कुठून? यांना कपडे वेगळे न्यावेच लागत नाहीत. एप्रिलच्या उन्हात नाशिकच्या त्र्यंबक रोडने सातपूरची औद्योगिक वसाहत गाठणाऱ्याला लागतात. ज्या शहरातल्या महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने रेस ॲक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, त्याला सायकलचं प्रेम शिकवायला नको.

इथून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे पॅनिअर, कॅरिअरच्या बाजूला अडकवायची बॅग. पाठीवरच्या सॅकमध्ये शर्ट पाठीच्या बाकाप्रमाणे चुरगळतो आणि पाठीचा घाम आत झिरपतो. पॅनिअर घेताना वरच्या दोन हुकांखेरीज बॅगेला खालून कॅरिअरशी धरून ठेवणारा हूकही बघा. तो नसेल तर खड्ड्यात बॅग उडते आणि लोंबता पट्टा स्पोकमध्ये जातो. टाच लागत असेल तर बॅग मागे सरकवा. इथे ती कुठल्याही बाजूला चालते. आपल्याकडे डावीकडेच लावावी. चेन उजवीकडे असते आणि ओव्हरटेक करणारेही उजवीकडूनच येतात.

आता घडी. इस्त्री झाल्या झाल्या कपडे भरायचे नाहीत. उष्णता आणि ओल यांनी सुती धागा सैल होतो आणि ज्या आकारात थंड होतो तोच धरून ठेवतो. दहा मिनिटं हँगरवर राहू द्या. पँट क्रीजवर जुळवून पसरा. शर्टाची सगळी बटणं लावून तो पालथा पँटवर ठेवा, बाह्या पाठीवर आडव्या घ्या. कॉलरच्या आत मोज्यांची गुंडाळी ठेवली की ती दबत नाही. मध्ये टॉवेलची मनगटाएवढी जाड वळकटी ठेवून सगळं तिच्याभोवती गुंडाळा. लॉन्ड्रीची पातळ प्लॅस्टिक पिशवी शर्ट आणि पँटच्या मध्ये घातली की कापडावर कापड घासत नाही, सुरकुत्या फारच कमी पडतात. ब्लेझर रोज नेऊच नका. बूट, बेल्ट आणि कंगव्यासारखा तोही ऑफिसात राहू द्या. बेल्ट हमखास घरी विसरतो.

पोहोचल्यावर लगेच शर्ट चढवू नका. थांबल्यावरही दहा-पंधरा मिनिटं घाम येत राहतो. आधी पंख्याखाली बसा, ओल्या नॅपकिनने अंग पुसा, मग कपडे.

पावसात इथली मंडळी रेनसूट घालतात, कारण पाऊस गार असतो. नाशिकच्या जुलैत तोच सूट आतून भिजवतो. हाफ पँट आणि सँडल घालून खुशाल भिजत जा, कोरडे राहायला हवेत ते बॅगेतले कपडे. बॅगेचं तोंड किमान तीन वेढे गुंडाळून बंद करा, आत आणखी एक जाड प्लॅस्टिक पिशवी.

ओले कपडे मात्र दिवसभर बॅगेत कोंबून ठेवले की कुबट वास येतो. त्यांच्यासाठी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली एक दोरी हवी, आणि एवढं तर सातपूर-अंबडची कुठलीही कंपनी उद्यापासून करू शकते.