पदवीनंतर नर्सिंग करायचंय? आधी बारावीचं मार्कशीट काढा

बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालंय, वय तेवीस-चोवीस, आणि आता नर्सिंगकडे वळावं का असा विचार चाललाय. अशा वेळी पदवीचं प्रमाणपत्र बाजूला ठेवा आणि बारावीचं मार्कशीट समोर घ्या. अमेरिकेत दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला बारा ते अठरा महिन्यांत नर्सिंगची पदवी घेता येते. तिकडच्या नातेवाइकांकडून हे ऐकलेलं असतं, म्हणून इथेही तशी काही सोय असेल असं वाटतं. ती नाही. मायक्रोबायोलॉजीत पहिला वर्ग असला तरी बी.एस्सी. नर्सिंगची चारही वर्षं, म्हणजे आठही सेमिस्टर, पूर्ण करावी लागतात.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गाला पीसीबीत ४५ टक्के आणि त्यावर राज्याच्या सीईटी सेलची नर्सिंग सीईटी. बारावी कॉमर्स किंवा आर्ट्सची असेल तर जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) रस्ता उरतो. तो डिप्लोमा तीन वर्षांचा असून कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला बारावीत इंग्रजीसह ४० टक्के एवढ्यावर करता येतो. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांचं असतं. बरेच पदवीधर इथे फसतात. 'दोन वर्षांत बी.एस्सी. नर्सिंग' अशी जाहिरात वाचून चौकशीला जातात, पण तो अभ्यासक्रम फक्त नोंदणीकृत जीएनएम नर्ससाठी आहे, इतर पदवीधरांसाठी नाही.

मग वयाचा हिशेब उलटा मांडा. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा म्हणजे नॉरसेट. मूळ वेतन ४४,९०० रुपये, म्हणून सगळ्यांची नजर तिच्यावर असते. तिथे खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३० आहे. चोविसाव्या वर्षी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तर अठ्ठाविसाव्या वर्षी बाहेर पडाल आणि हातात दोन वर्षं राहतील. जीएनएमवाल्यांना निदान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे सव्विसाव्या वर्षी जीएनएम सुरू करणाऱ्याला खुल्या प्रवर्गातून ती परीक्षा मिळतच नाही. राज्य सेवेत खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८ असल्याने अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदासाठी वेळ बराच मिळतो. तिशी ओलांडल्यावर प्रवेश घेणाऱ्यांनी सरकारी जाहिरातीच्या भरवशावर राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खाजगी रुग्णालयातला सुरुवातीचा पगार समोर ठेवून घरखर्च चालतो का ते बघा, आणि तो पगार तिथे काम करणाऱ्या सिस्टरला विचारा, कॉलेजच्या ऑफिसला नको.

नोकरी सांभाळून हे शिक्षण होत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक प्रॅक्टिकल विभागातली हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. शेवटच्या सेमिस्टरला २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास वॉर्डात. लहान मूल किंवा आजारी सासू-सासरे घरी असतील तर नाइट ड्यूटीला त्यांच्याजवळ कोण थांबणार, हे नावानिशी ठरवूनच फॉर्म भरा.

कॉलेजची इमारत बघू नका, रुग्णालय बघा. निकषानुसार कॉलेजचं स्वतःचं १०० खाटांचं रुग्णालय हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. सकाळी दहाच्या सुमारास वॉर्डात फेरी मारून भरलेल्या खाटा मोजा. खाटा रिकाम्या असतील तर चार वर्षं पुतळ्यावरच इंजेक्शन द्याल आणि पहिल्या नोकरीत हात थरथरेल. फी किती मंजूर आहे ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसतं. तिच्यावर हॉस्टेल, युनिफॉर्म, बस आणि जर्नलचा खर्च वेगळा धरा. दुसऱ्या पदवीला शिष्यवृत्ती चालते का, हे योजनेगणिक बदलतं, म्हणून शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या क्लार्कला प्रवेशाआधी गाठा.

काम कसं असतं याचा एक नमुना देतो. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे आणि सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलीला २० थेंबांचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. घड्याळ ड्रिप चेंबरजवळ, म्हणजे नळीत थेंब पडताना दिसतात तिथे, धरून पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतील असा वेग कमी-जास्त करणारा रोलर फिरवायचा. गणित इतकंच, कॉमर्सवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. अवघड भाग पुढे आहे. रुग्ण कोपर दुमडतो, थेंब मंदावतात, दोन तासांनी बाटली जवळपास भरलेलीच दिसते. वेळ भरून काढायला कोणी रोलर पूर्ण सोडला आणि रुग्ण हृदयविकाराचा वृद्ध असला, तर पाणी फुप्फुसात उतरून त्याला धाप लागते. चूक भरून काढायला घाई न करता डॉक्टरांना कळवून वेग नव्याने ठरवायचा असतो. पंचवीस रुग्णांच्या वॉर्डात, पहाटे चार वाजता हे जमणाऱ्या माणसाची फार गरज आहे.

मन अजून डळमळत असेल तर आधी काही महिने बेडसाइड असिस्टंट म्हणून काम करा. बेडपॅन देणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवून चादर बदलणं, उलटी साफ करणं, हे पहिल्या आठवड्यातच हाती येतं. किळस बहुतेकांची जाते. बारा तास उभं राहून कंबर आणि टाचा मात्र ज्यांच्या धरतात, त्यांच्या धरतातच.

ठरलंच तर हिपॅटायटिस बीची लस आताच सुरू करा. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. प्रवेश झाल्यावर सुरू केली तर तिसरा डोस होण्याआधीच तुम्ही सुया हाताळत असाल.