अडीचकी

बँकॉकमधल्या एका दुकानात, टळटळीत दुपारी, नवऱ्यासाठी सुती शर्ट घेतला. काउंटरवरच्या मुलीने कार्ड लावलं आणि मशीन माझ्यापुढे धरलं. पडद्यावर दोन चौकोन होते. एकात थायलंडचे बात, दुसऱ्यात चक्क रुपये, तेही अगदी पैशापर्यंत हिशेब करून. आल्यापासून दिसेल तो आकडा मनात गुणून माझ्या डोक्याचा भुगा झाला होता, आणि इथे कुणीतरी आयता गुणाकार करून समोर ठेवला होता. मी बातवर बोट ठेवलं. मुलगी हसली. तिला काय कळलं कोण जाणे, पण मला मात्र परीक्षेत अवघड प्रश्न सुटल्याचा आनंद झाला.

रुपये निवडले की रेट तिकडच्यांचा लागतो आणि तो कधीही आपल्या बाजूचा नसतो, हे आता सहलीला निघालेल्या प्रत्येक मावशीला पाठ आहे. वर रुपयांत पैसे दिले तरी दुकान परदेशातलंच, म्हणून आपल्याकडच्या काही बँका त्यावरही वेगळा आकार लावतात. तरी लोक रुपयांवर बोट ठेवतात. मला त्यांचं नवल वाटत नाही. आपल्या सहल कंपन्या स्वित्झर्लंडच्या बर्फात पिठलं-भाकरी खायला घालतात आणि आपण त्याचे पैसे सहलीच्या खर्चात आनंदाने भरतो. पडद्यावरचा तो रुपयातला आकडा म्हणजे हिशेबातलं पिठलं-भाकरीच. घरच्यासारखं वाटण्याची किंमत. फक्त पिठल्याचं आपल्याला आधी सांगितलेलं असतं.

माझा राग पैशांवर नाहीच मुळी. मसाजवाल्या बाईंना मी शंभर बात बक्षीस दिले आणि विसरून गेले. पण तिथल्या एटीएमने परदेशी कार्ड म्हणून दर वेळी २२० बात कापायचे, हे मला सहन होत नाही. पाचशे काढा नाहीतर वीस हजार, २२० ते २२०च. त्यामुळे एटीएमसमोर उभं राहिलं की माझ्यातला कुणीतरी जुना सावकार जागा होतो. एकदम मोठी रक्कम काढावी, तर मग ती खिशात घेऊन गर्दीत फिरायचं. थोडी काढावी, तर पुन्हा २२०. नवरा म्हणतो, "अगं, सहाशे रुपये आहेत. विमानतळावर आपण दोन कॉफ्यांना एवढे देतो." पण कॉफी निदान समोर येते तरी.

क्रेडिट कार्डाचं दुखणं आणखी सूक्ष्म. परदेशातल्या खरेदीवर बँक वर लावते तो साडेतीन टक्के मार्क-अप, आणि त्या मार्क-अपवर अठरा टक्के जीएसटी. दहा हजारांच्या खरेदीवर ३५० आणि ६३, म्हणजे ४१३ रुपये. मार्क-अप न घेणारी कार्डं मिळतात म्हणे, आणि आमच्या सोसायटीत त्यावर अशा चर्चा चालतात, जशा पूर्वी स्थळांवर चालत. कुणाचं कार्ड, वर्षाची फी किती, घरचं वळण कसं.

गुणाकाराचं खूळ मात्र माझ्याकडे वारशाने आलंय. बाबांना तीसपर्यंतचे पाढे तर येतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण ते अडीचपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जेवणं झाली, आई आवराआवर करायला लागली, की बाबा झोपाळ्यावर आडवे होत आणि आम्हा भावंडांना खाली फरशीवर बसवून म्हणायला लावत. अडीच, पाच, साडेसात, दहा. मध्येच त्यांचा डोळा लागे. आम्ही थांबलो की झोपेतूनच "हं, पुढे" असा आवाज येई. बाहेर गारेगारवाल्याची घंटा, आणि इथे साडेबावीस. दशमान पद्धत येऊन कितीतरी वर्षं झाली होती. हे कुठे लागणार आहे, असं मी एकदा विचारलंही. "लागेल," एवढंच म्हणाले. बाबांनी स्वतः कधी पासपोर्ट काढला नाही.

आणि बात आता अडीचच्या वर गेलाय. पावणेतीन धरला तर अडीचकीत पावकी मिळवायची. १४० बातचं पॅड थाय म्हणजे साडेतीनशे आणि पस्तीस, तीनशे पंच्याऐंशी. मी हे पुटपुटत असते आणि समोर नवरा म्हणत असतो, "खा ना, गार होतंय."

बाबांना ही विद्या आली होती आजीकडून. आजी शाळेत गेलेली नव्हती, पण परकीय चलनाचा तिच्याइतका अनुभव घरात कुणालाच नव्हता. तिचं माहेर नाशिक, सासर जालना. आज ऐकायला काहीच वाटत नाही, पण तेव्हा जालना निजामाच्या राज्यात आणि नाशिक इंग्रजांच्या. जालन्यात चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया, नाशकात राजाचं मुंडकं असलेला कलदार. सात हाली दिले की सहा कलदार, असा हिशेब. माहेरी जायचं म्हणजे मनमाडला गाडीही बदलायची आणि तोवर पैसाही बदललेला हवा. सात-सहाचा हा पाढा तिला कुणी शिकवला नव्हता. हळदीकुंकवाला, भाऊबीजेला, बाळंतपणाला जाता-येता तो आपोआप तयार झाला.

तिचे नियम ठरलेले होते. स्टेशनाजवळ पैसा बदलायचा नाही, तिथे गरजू माणूस गाठतात. बाजारातल्या सराफाकडे आधीच जायचं, आणि तोही एक नाही, दोन विचारायचे. नाणं झिजलेलं म्हणून बट्टा मागितला, तर निमूट उचलून चालू लागायचं. तो हाक मारतोच.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर मी हेच केलं. बाहेर पडता पडता जी झगमगीत काउंटरं लागतात, त्यांच्याकडे न बघता थेट तळघरात, जिथून शहराची रेल्वे सुटते तिथे गेले. तिथल्या मनी चेंजरांचा रेट वरच्यापेक्षा कितीतरी बरा असतो. दोन खिडक्या विचारल्या. शंभर डॉलरच्या नोटेला रेट चांगला, वीसच्या नोटेला कमी, आणि आपल्या रुपयाला विचारूच नका. माझी एक नोट मुलीने उजेडात धरली, उलटी केली, कोपऱ्यावरच्या पेनाच्या बारीक ठिपक्यावर नख ठेवलं आणि मान हलवली. झिजलेल्या हालीवर बट्टा मागणारा जालन्याचा सराफ आता नीटनेटका गणवेश घालून काचेमागे बसलाय, एवढंच. मी नोट उचलली आणि चालू लागले. तिने हाक मारली नाही.

पूर्वीच्या लोकांना हा खेळसुद्धा मिळत नव्हता. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला निघालेला माणूस खिशात अवघे आठ डॉलर घेऊन विमानात चढत असे, कारण तेवढेच मिळत. त्यांना बँकेची फी वाचवण्याची चिंता नव्हती. विमानतळावर कुणी घ्यायला येईल ना, ही होती. अशा एका काकांकडून मी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की ते आठ डॉलर मीच खर्च केल्यासारखे वाटतात.

आम्ही भूतानला गेलो होतो तेव्हा मात्र मला सबंध सहलीत चुकल्या-चुकल्यासारखं वाटत राहिलं. तिथला नगुल्ट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा. शंभर म्हणजे शंभर. डोंगर सुंदर, लोक सुंदर, पण गुणायला काही नाही. नेपाळ त्यापेक्षा बरा, १९९३ पासून आपल्या शंभराला त्यांचे एकशे साठ. जरा तरी डोकं चालतं.

आता दिवाळीनंतर व्हिएतनामचं घाटतंय. नवऱ्याने सगळी माहिती काढली आहे. तिथे नाणी व्यवहारात उरलेलीच नाहीत, वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच, म्हणून अंधारात पैसे देऊ नयेत. रेट म्हणे सोनारांच्या दुकानात चांगला मिळतो, पण अधिकृत खिडकीवरच बदललेलं बरं. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग.

"म्हणजे तुझा गुणाकार एकदाचा सुटला," तो म्हणाला.

सुटला कसला. आता भागाकार. दोन शून्यं उडवायची आणि तिनाने भागायचं. पाव-अर्ध्याची भानगड नाही, म्हणजे त्यात काही मजाही नाही.