ऑस्ट्राव्हाची फायनल

ऑस्ट्राव्हा हे चेक प्रजासत्ताकातलं कोळशाचं आणि पोलादाचं शहर. प्रागहून आगगाडीने तीन-साडेतीन तास. २०१९ च्या डिसेंबरात मी तिथे गेलो तो वीस वर्षांखालच्या मुलांची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा बघायला. दोन मॅचची तिकिटं काढली होती : २८ डिसेंबरची कॅनडा-रशिया आणि ५ जानेवारीची फायनल. फायनलला कोण पोचणार, याचा तेव्हा कुणालाच पत्ता नव्हता.

टीव्हीवर हा खेळ निम्माच दिसतो. मैदानाभोवतीच्या काचेजवळ बसलं की तो आधी कानांना कळतो. वळताना स्केटचं पातं बर्फ खरवडतं तो आवाज, आणि पक कडेच्या फळीवर आदळते तो दणका. पक म्हणजे टणक रबराची काळी चकती, जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीची. मॅचआधी ती गोठवून ठेवतात, नाहीतर बर्फावर टप्पे खात उडत सुटते. एक माझ्या अगदी समोर काचेवर आपटली. मागे काळा ओरखडा राहिला. खेळाडू बर्फावर जेमतेम पाऊण मिनिट टिकतात, इतक्यात दम संपतो. मग कठड्यावरून आत उड्या मारतात, दुसरे बाहेर. खेळ मात्र क्षणभरही थांबत नाही.

त्या पहिल्या मॅचमध्ये रशियाने कॅनडाला ६-० असं लोळवलं. या स्पर्धेत कॅनडा इतक्या वाईट रीतीने कधीच हरला नव्हता. त्यात अठरा वर्षांचा अलेक्सी लाफ्रेनियेर, त्यांचा सर्वांत चांगला आक्रमक, गुडघा दुखावून बाहेर गेला. समुद्र ओलांडून आलेले त्यांचे पाठीराखे एकदम गप्प झाले. मलाही फार वाईट वाटलं.

मधल्या दिवसांत डोल्नी व्हिट्कोव्हित्से या जुन्या पोलाद कारखान्यात गेलो. १९९८ साली बंद झालेल्या झोतभट्ट्या तिथे जपून ठेवल्या आहेत. गंजलेल्या लोखंडाखाली उभं राहिलं की शहराचा स्वभाव कळतो. बाकी वेळ हॉकीतच गेला.

आणि फायनलला पुन्हा तेच दोन संघ! लाफ्रेनियेर दोन मॅच बाहेर बसून परतला होता. कॅनडाच्या कर्णधाराचा, बॅरेट हेटनचा, खांदा उपांत्य फेरीत दुखावला होता, तरी तो उतरला. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात रशिया ३-१ ने पुढे गेला तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी मफलर तोंडावर ओढून घेतला. मग कॉनर मॅकमायकलचा गोल, पाठोपाठ हेटनचा. ३-३. आजोबांनी माझा दंड घट्ट धरला. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण सोडायला मीही तयार नव्हतो.

चार मिनिटं उरली असतील-नसतील, कॅनडाचा अकील थॉमस बचावपटूंच्या मागे निसटला. पक त्याच्या पुढे घरंगळत होती, तो तिच्यामागे. गोलरक्षक समोर आला. थॉमसने ती उलट्या हाताने त्याच्यावरून उचलली. जाळं हललं ते मी पाहिलं. आवाज मात्र काहीच ऐकू आला नाही, इतका गजर झाला.

कॅनडा ४-३ ने जिंकला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून लाफ्रेनियेरचं नाव जाहीर झालं. इथे जिंकलेल्या संघाचं राष्ट्रगीत मॅचनंतर वाजवतात आणि हरलेल्यांनाही ते रांगेत उभं राहून ऐकावं लागतं. मी त्या रशियन रांगेकडेच बघत राहिलो. एकोणीस वर्षांची पोरं. एकाने हातमोजा डोळ्यांवर दाबून धरला होता आणि गीत संपेपर्यंत तो काढलाच नाही.