सत्तेचाळीस नंबर गेली का?

आमच्या मंचरकडे यात्रेत बैलगाडा सुटायच्या आधी सगळ्यात मोठं काम असतं ते माणसं मागे रेटायचं. दोन्ही बाजूंनी लोक घाटात, म्हणजे गाडे पळायच्या वाटेवर, वाकलेले, स्पीकरवरचा निवेदक घसा फोडून सांगतोय, घाट मोकळा करा, आणि कुणी ढिम्म हलत नाही. लहानपणी मीही त्या वाकलेल्यांतलाच. तोच मी इंग्लंडात एसेक्समध्ये येऊन कार रॅलीचा मार्शल झालो, हे ऐकून आई फोनवर म्हणाली, "म्हणजे तिकडं जाऊन हवालदारच झालास की रे!" फार चुकीचं नव्हतं तिचं.

इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्ता बंद करून त्यावर गाड्या पळवायची परवानगी अगदी अलीकडची. आयर्लंडमध्ये आणि आइल ऑफ मॅन बेटावर हे फार आधीपासून चालत आलंय, पण ब्रिटनच्या मुख्य भूमीवर तसं करायचं तर त्या एका स्पर्धेसाठी वेगळा कायदा करून घ्यावा लागायचा. बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर १९८६ ते १९९० अशी पाच वर्षं शर्यती झाल्या, त्या अशाच खास कायद्याने. बाकी रॅलीवाले सरकारी जंगलांतल्या मातीच्या वाटांवर नाहीतर जुन्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर भागवायचे. एप्रिल २०१७ मध्ये इंग्लंडमधले नियम बदलले आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, नव्या नियमांखालची पहिली रॅली क्लॅक्टन-ऑन-सीच्या आसपासच्या गावरस्त्यांवर झाली. आमच्या घरापासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. त्या वर्षी मी प्रेक्षक होतो. दुसऱ्या वर्षी ऑफिसातल्या एकाने विचारलं, "नुसता बघतोस काय, कामाला ये की. माणसं कमी पडतायत."

मला वाटलं, जायचं, जॅकेट घालायचं, गाड्या बघायच्या. आधी ऑनलाइन प्रशिक्षण करावं लागतं, हे नाव दिल्यावर कळलं. पैसे लागत नाहीत, पण प्रश्न सोडवावे लागतात. चित्र दाखवतात, वळण आहे, पाच जागा आहेत, कुठे उभा राहाल? मी बेधडक वळणाच्या बाहेरची बाजू निवडली, कारण तिथून गाडी येताना आणि जाताना दोन्ही दिसते. चूक. गाडी सुटली की बाहेरच्याच बाजूला जाते. दुसऱ्यांदा खालच्या शेतातली जागा निवडली. तीही चूक, रस्त्यापेक्षा खाली कधी उभं राहायचं नाही. शेवटी जी बरोबर जागा निघाली तिथून गाडी निम्मीसुद्धा दिसत नव्हती. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तिथेच कळायला हवं होतं.

हे नियम कागदावरचे नाहीत. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या जिम क्लार्क रॅलीत एक गाडी रस्ता सोडून प्रेक्षकांत घुसली आणि तिघं गेले. आमच्याबरोबरच्या जुन्या मार्शलांपैकी कुणी त्याबद्दल आपणहून बोलत नाही, पण प्रेक्षकांना अडवायची फीत बांधायला लागले की ती कुठे बांधतात ते बघावं. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट मागे.

रविवारी पहाटे साडेपाचला हजेरी. एका सभागृहात टेबलं लावलेली, सही करायची, आपल्या पोस्टचा, म्हणजे उभं राहायच्या जागेचा, नंबर घ्यायचा. इथे प्रत्येकाच्या जॅकेटचा रंग ठरलेला. साधा मार्शल नारिंगी, पोस्टचा प्रमुख निळा, पत्रकार हिरवे, स्टेजचा, म्हणजे वेळ लावून पळायच्या बंद रस्त्याच्या टप्प्याचा, कमांडर लाल, रेडिओवाला पिवळा आणि त्यावर निळी खूण. गोंधळात कुणाला शोधायचं ते चेहरा न बघता कळावं म्हणून. माझ्या हातात नारिंगी जॅकेट, फितीची दोन रिळं, शिट्टी आणि एक तक्ता आला. तक्त्यावर गाड्यांचे नंबर आणि प्रत्येकापुढे दोन रिकामे चौकोन, कारण स्टेज दोनदा पळवायची होती.

मनातून मला स्टार्टला काम हवं होतं. तिथे खरी मजा. गाडी आधी अरायव्हल कंट्रोलला येते, तिथे तिची यायची वेळ नोंदवतात. घड्याळाचं चित्र असलेली एक पिवळी पाटी, पुढे तशीच लाल. ठरलेल्या मिनिटाआधी आत आली तर दंड, उशिरा आली तरी दंड, आणि लवकर येण्याचा दंड जास्त! म्हणून नॅव्हिगेटर, चालकाशेजारी बसून वाट सांगणारा, पिवळ्या पाटीपाशी घड्याळाकडे डोळे लावून थांबलेला असतो. मग स्टार्ट, तीस सेकंद, पंधरा, दहा, आणि शेवटचे पाच बोटांवर. तिकडे दुसऱ्या टोकाला फिनिश गाडी वेगातच ओलांडते आणि थांबते ती आणखी पुढे, स्टॉपच्या लाल पाटीशी, तिथे कार्डावर वेळ लिहून मिळते. हे सगळं जुन्याजाणत्यांकडे. नवख्याला नाका मिळतो. मला पोस्ट नऊ मिळाला, दोन गावरस्ते एकमेकांना छेदतात तो नाका, एका कोपऱ्यावर घर, बाकी तिन्हीकडे आपल्या मोहरीसारखी पिवळीधम्मक शेतं.

पोस्टवर आम्ही चौघं. निळ्या जॅकेटातल्या प्रमुख बाई, एक कॉलेजचा मुलगा, मी आणि रेडिओवाले काका. सत्तरीचे असतील, तीस वर्षं हेच करतायत. त्यांची गाडी आडरस्त्यात बरीच आत उभी केली होती. तिथून त्यांना रेडिओ ऐकू यायचा पण स्टेजचा रस्ता दिसायचा नाही. तेव्हा ठरलं असं की मी नंबर बघायचा, तक्त्यावर खूण करायची आणि ओरडून त्यांना सांगायचा. मी घडीची खुर्ची नेली होती. प्रमुख बाईंनी ती बघितली, काही न बोलता उचलली आणि माझ्या डिकीत ठेवली. स्टेज चालू असताना बसायचं नाही. बसलेल्या माणसाला उठून पळायला दोन सेकंद जास्त लागतात.

सात वाजता रस्ता कायद्याने बंद झाला आणि आमचं खरं काम सुरू झालं. ते काम म्हणजे नाही म्हणणं. आठवडे आधी घरोघर पत्रकं वाटलेली असतात, पाट्या लागलेल्या असतात, तरी रविवारी सकाळी कुणाला चर्चला जायचं असतं, कुणाला घोडा बाहेर काढायचा असतो, कुणाची सून जेवायला यायची असते. गाडीच काय, चालायलाही बंदी असते हे तर कुणाला पटतच नाही. "मी इथे चाळीस वर्षं राहतोय." बरोबर आहे काका, पण आज नाही. आवाज चढवायचा नाही, आणि "मला माहीत नाही, वरून सांगितलंय" असंही म्हणायचं नाही. दोन फेऱ्यांच्या मधे रस्ता किती वाजता ओलांडता येईल ते सांगायचं. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींनी विचारलं, मला काही झालं तर? तर स्टेज थांबवतात आणि अँब्युलन्स येते, हे सांगितल्यावर त्यांनी आम्हाला चहा आणून दिला. इथल्या चहाबद्दल मी काही बोलत नाही.

मग आयोजकांच्या गाड्या यायला लागतात. आधी प्रेक्षकांच्या सुरक्षेची गाडी, मग ट्रिपल झीरो, डबल झीरो आणि शेवटी झीरो. प्रत्येक गाडी आधीच्यापेक्षा वेगात, आणि प्रत्येकीतला माणूस खिडकीतून बघत जातो, फीत कुठे आहे, माणसं कुठे आहेत. डबल झीरो आमच्यापाशी थांबली. आतला माणूस म्हणाला, "ते चौघे गवतावरचे, आणखी दहा पावलं मागे." त्या चौघांनी लहान मुलासारखी तोंडं केली, पण गेले मागे. नसते गेले तर? स्टेज सुरूच होत नाही. मार्शलच्या हातात एवढी एकच खरी ताकद असते आणि ती प्रेक्षकांना माहीत असते.

पहिली फेरी कशी गेली ते विचारू नका. साधारण मिनिटाला एक गाडी. आधी आवाज, मग लांब शिट्टी, मग दारावरचा नंबर, खूण, ओरडणं. गाडी कुठली होती, रंग कुठला, वळण कसं घेतलं, काही आठवत नाही. इतक्या जवळून रॅली मी कधी पाहिली नव्हती आणि इतकी कमीही.

घोळ दुसऱ्या फेरीत झाला. शेहेचाळीस नंबर गेली, मी खूण केली, आणि मागे कुंपणातून फांद्या मोडल्याचा आवाज आला. बघतो तर एक गृहस्थ कुत्रा घेऊन शेताच्या पायवाटेने आलेले, फीत एका हाताने वर उचललेली, कुत्रा अर्धा खालून पलीकडे. मी धावलो, कुत्र्याचा पट्टा धरला, त्यांना मागे घेतलं. तेवढ्यात माझ्या पाठीमागून एक गाडी गेली. खडी माझ्या पोटऱ्यांवर आली. वळलो तोवर नुसती धूळ. पुढची गाडी आली ती अठ्ठेचाळीस. मी खूण केली, ओरडलो. एकोणपन्नास. पन्नास.

मग काकांनी हाक मारली. "कंट्रोल विचारतंय, सत्तेचाळीस आपल्याकडून गेली का?"

हा प्रश्न का येतो ते सांगायला हवं. स्टार्टवरून सुटलेली प्रत्येक गाडी वाटेतल्या प्रत्येक रेडिओ पोस्टवर मोजली जाते आणि कंट्रोलला, म्हणजे रॅलीच्या मुख्य केंद्राला, कळवली जाते. एका पोस्टवर दिसली आणि पुढच्यावर नाही, म्हणजे ती त्या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. आमच्या पुढच्या पोस्टला सत्तेचाळीस दिसली नव्हती. ती आमच्या अलीकडे अडकली की पलीकडे, हे फक्त माझ्या तक्त्यावरून कळणार होतं, आणि माझा चौकोन रिकामा होता.

तोंडावर आलं होतं, हो, गेली. शेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधे गेलेली गाडी दुसरी कुठली असणार? पण रॅलीत गाड्या नंबराच्याच क्रमाने सुटतील असं नसतं. कुणी मागे राहतं, कुणाला पुढे घेतात. सकाळीच एकसष्ट नंबर चोपन्नच्या आधी आली होती, ते मीच लिहिलं होतं. मी काकांच्या खिडकीशी जाऊन म्हणालो, "एक गाडी गेली. नंबर बघितला नाही. माझी पाठ होती."

ते रागावतील असं वाटलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि माझंच वाक्य जसंच्या तसं माइकमध्ये सांगितलं. "पोस्ट नऊ. शेहेचाळीसनंतर एक गाडी गेली, नंबर पाहिलेला नाही." पलीकडून "समजलं" एवढंच. मग मला म्हणाले, "जा, पुढची येतेय." प्रमुख बाई तोवर माझ्या जागी उभ्या होत्या. कुत्रेवाले गृहस्थ कॉलेजच्या मुलाकडे मला ऐकू येईल अशा बेताने माफी मागत होते.

पुढची पाचेक मिनिटं मला फार लांब गेली. प्रत्येक गाडीत दोन बाजू असलेला फलक असतो, एका बाजूला हिरव्यात ओके, दुसऱ्या बाजूला लाल एसओएस. गाडी रस्त्याबाहेर गेली आणि आतले ठीक असतील तर हिरवी बाजू मागून येणाऱ्यांना दाखवायची आणि अलीकडे त्रिकोण ठेवायचा. लाल दिसली तर मागून येणाऱ्या गाडीने थांबायचंच. सत्तेचाळीसने यातलं काय दाखवलं, दाखवायला कुणी शुद्धीवर होतं का, कुणाला ठाऊक. काकांनी रेडिओचा आवाज वाढवून खिडकी खाली घेतली होती, मला ऐकू यावं म्हणून.

उत्तर फिनिशकडून आलं. अठ्ठेचाळीसच्या नॅव्हिगेटरने स्टॉपवर कार्ड देताना सांगितलं होतं, नाक्यानंतरच्या डाव्या वळणावर सत्तेचाळीस खड्ड्यात आहे, दोघेही बाहेर, हिरवा फलक दाखवतायत. आमच्या पलीकडे. म्हणजे माझ्या पाठीमागून गेलेली तीच.

फेरी संपली, सगळ्यांच्या मागची बंद करणारी गाडी गेली, पण कंट्रोल सोडेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. त्या वेळात मी तक्ता काढला आणि सत्तेचाळीससमोरच्या रिकाम्या चौकोनात खूण करायला पेन टेकवलं. काकांनी तक्त्यावर हात ठेवला.

"बघितलीस?"

"नाही. पण आता कळलं ना."

"मग राहू दे तसाच."

आम्ही फीत गोळा करायला लागलो. कुंपणाच्या काट्यांत तिचे बोटाएवढे तुकडे अडकतात, ते एकेक काढावे लागतात, नाहीतर पुढच्या वर्षी गाववाले आयोजकांना दारात उभं करत नाहीत. ओढण्याच्या ट्रकवर सत्तेचाळीस गेली, निळी, उजवा दिवा फुटलेला. दिवसभरात मी नीट पाहिलेली ती पहिली गाडी. कुत्रेवाले गृहस्थ आता उघड्या रस्त्याने परत आले, कुत्र्याने माझे बूट हुंगले. त्यांनी विचारलं, कोण जिंकलं? आम्हा चौघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.