सतरा नंबरचा ॲश

वेल्समध्ये रस्त्याकडेचं झाड तोडायला वर्षातला एकही महिना धड मोकळा मिळत नाही. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची वीण. मे ते ऑगस्ट वटवाघळांच्या माद्या ढोल्यांमध्ये पिल्लं घेऊन बसलेल्या. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तीच वटवाघळं त्याच ढोल्यांत झोपलेली. मग उरतात सप्टेंबर आणि ऑक्टोबर, म्हणून सगळे ठेकेदार, सगळी यंत्रं आणि आमच्यासारखे सगळे इकॉलॉजिस्ट त्या दोन महिन्यांवर तुटून पडतात. आणि नेमकं तेव्हाच खालच्या काटेरी झुडपांत डॉरमाऊसची, म्हणजे झाडाझुडपांत राहणाऱ्या उंदरासारख्या एका छोट्या प्राण्याची, उशिराच्या विणीची पिल्लं असतात. तिघांनाही कायद्याचं संरक्षण आहे. कायदे करताना तिघांचं पंचांग एकत्र मांडून बघायची तसदी मात्र कुणी घेतलेली दिसत नाही. ते आमच्या गळ्यात.

जागा वाय नदीच्या खोऱ्यातली, टिंटर्न गावाच्या वरच्या अंगाची. पर्यटक खाली, ११३१ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष बघून, कॉफी पिऊन परत जातात. वर पानगळीच्या रानात क्वचितच कुणी येतं. चुनखडीचा उतार, त्यावर ॲशची उंच झाडं, बारीक पानांचे लाइम (लिंबू नव्हे), फील्ड मेपल आणि सगळ्यांच्या खाली कठीण कवचाची फळं देणारी हेझलची झुडपं. सप्टेंबरच्या शेवटी हे रान इतकं गप्प असतं की ओकची फळं लपवायला निघालेल्या ‘जे’ नावाच्या पक्ष्याचं करकरणंसुद्धा दचकवतं. बघणाऱ्याला वाटतं, इथं माणसाचा हातच लागलेला नाही. पण उतारावर जागोजागी सपाट, गोल ओटे कोरलेले दिसतात. त्या कोळशाच्या भट्ट्यांच्या जागा. टिंटर्नला १५६६ मध्ये तारेचा कारखाना निघाला, पुढे लोखंडाच्या भट्ट्या आल्या आणि त्या आगीसाठी हे रान पिढ्यानपिढ्या बुंध्यापासून तोडलं, पुन्हा फुटू दिलं, पुन्हा तोडलं. आमच्या चिपळूणकडे राबासाठी ऐन छाटून छाटून ठेंगणे झालेले असतात, तसे इथले हेझल. एका बुडातून दहा-बारा सोट निघालेले. डॉरमाऊसला असंच रान लागतं. तोडणी बंद झाली, वरची झाडं दाटली, खाली उजेड पोचेना आणि हेझलला फळ धरेना, हेही त्याच्या ऱ्हासाचं एक मोठं कारण आहे. ब्रिटनमधली त्याची संख्या २००० सालापासून सुमारे ७० टक्क्यांनी घटली आहे.

ॲशचा रोग वेगळाच. बुरशी मूळची पूर्व आशियातली. पोलंडमध्ये १९९२ च्या सुमारास झाडं मरायला लागली, ब्रिटनमध्ये २०१२ ला ती सापडली आणि आता ती वेल्समध्ये जवळपास सगळीकडे आहे. गळलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात पांढऱ्या, इवल्याशा छत्र्या उगवतात, त्यांचे बीजाणू वाऱ्यावर जातात, झाड शेंड्याकडून वाळत येतं. किती वाळलं ते आम्ही चार वर्गांत लिहितो. चौथा वर्ग म्हणजे पाव पालवीसुद्धा उरलेली नाही. वाळलेला ॲश ठिसूळ होतो, आगाऊ सूचना न देता फांदी टाकतो, म्हणून चौथ्या वर्गाच्या झाडावर दोर बांधून माणूस चढवत नाहीत. करवत जबड्यात धरणारं यंत्र आणायचं नाहीतर चेरी पिकरच्या, म्हणजे माणसाला वर उचलणाऱ्या लांब हाताच्या गाडीच्या, पाळण्यातून कापायचं.

त्या आठवड्यात गल्लीवजा रस्त्याच्या कडेचे ॲश तोडायचे होते. रस्ता बंद करायची परवानगी, वळणाच्या पाट्या, दोन्ही टोकांना माणसं, सगळं ठरलेलं. याच रस्त्यावरून शाळेची बस जाते, त्यामुळे झाडं ठेवा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, माझीही नाही. ढोल्या आधीच एंडोस्कोप घालून तपासल्या होत्या, वटवाघळं नव्हती. माझं त्या दिवसाचं काम म्हणजे करवत सुरू व्हायच्या आधी प्रत्येक झाडाखालचं झुडूप हातानं तपासून देणं.

हे काम बाहेरच्याला दाखवलं तर हसेल. ब्लॅकबेरीच्या जाळीत गुडघ्यावर बसायचं, जाड हातमोजे घालायचे, एकेक वेल उचलायचा, खाली बघायचं, पुढे सरकायचं. आधी फळं बघायची. हेझलचं फळ खारीनं खाल्लं असेल तर सरळ दोन शकलं असतात. उंदरानं खाल्लं असेल तर भोकाच्या कडेवर आडवे, समांतर ओरखडे. डॉरमाऊसनं खाल्लं असेल तर भोक गोल आणि आतली कड इतकी गुळगुळीत की बोटाचं टोक फिरवलं तर कुठे अडकत नाही, दातांच्या खुणा फक्त बाहेरच्या कवचावर, तिरक्या. माझ्या हाताखालच्या शिकाऊ मुलीला मी फोन खिशात ठेवायला लावला. फोटोवरून ओळखणारं ॲप आहे तिच्याकडे, चांगलंही आहे, पण कडेवरून बोट फिरवून त्याला कळत नाही. पंधरा-वीस फळं तिनं पारखली आणि एक हातात धरून म्हणाली, "हे त्याचंच." होतंच.

म्हणजे कुठेतरी असणार. सतरा नंबरच्या ॲशखाली सापडलं.

डॉरमाऊसचं घरटं एकदा बघितलं की विसरता येत नाही. उंदीर नुसती वाळकी पानं कोंबतो आणि त्याला मुताचा वास येतो. टिट या छोट्या पक्ष्याची मऊ शेवाळाची वाटी असते. डॉरमाऊस हनीसकलच्या वेलाची साल लांब पट्ट्यांनी सोलतो, त्या पट्ट्या गोलाकार विणतो आणि बाहेरून हेझलची हिरवी पानं लावतो. इथे हनीसकलबरोबर क्लेमॅटिसची सालही होती, आपल्या मोरवेलीचीच विलायती बहीण. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर, १५ सेंटीमीटर रुंद. एवढं मोठं म्हणजे बाळंतिणीचं, एकट्याचं लहान असतं. मी एका बाजूची दोन पानं बोटानं सारली. आत करड्या लोकरीचा गोळा हलला. डोळे उघडलेली पिल्लं, अंगावरचा रंग अजून मोठ्यांसारखा सोनेरी झालेला नाही. मोजली नाहीत. तेवढ्यात आई मागच्या बाजूनं बाहेर आली, वेलावर हातभर चढली आणि तिथूनच बघत राहिली. झुबकेदार शेपूट, काळेभोर डोळे, मिशा थरथरताना दिसत होत्या. मी पानं परत लावली आणि मागे झाले.

नॅचरल रिसोर्सेस वेल्स या सरकारी संस्थेकडून मिळालेल्या परवान्यासोबत आमची कार्यपद्धती जोडलेली होती. पिल्लांचं घरटं सापडलं तर आजूबाजूचं झुडूप पिल्लं सुटी होईपर्यंत हलवायचं नाही. स्पष्ट. पण झुडपावर दहा मीटर उंचीचं मेलेलं झाड उभं असेल आणि ते रस्त्याकडे झुकलेलं असेल तर काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ती कार्यपद्धती लिहिणाऱ्यानं हे रान गाडीच्या काचेतून बघितलं असावं. आमच्या धंद्यात असे पुष्कळ आहेत.

रस्ते विभागाचे साहेब आले. बोलायला सज्जन, पण घड्याळाकडे बघत बोलणारे. म्हणाले, झाड उभं असताना रस्ता उघडता येणार नाही आणि रस्ता आणखी बंद ठेवता येणार नाही, शनिवारी वाऱ्याचा अंदाज आहे. दोन्ही खरं होतं. जबड्याचं यंत्र बांधावर चढवून झाड उचकटायचं, असं मूळचं ठरलेलं. यंत्राचा पट्टा घरट्यावरूनच गेला असता. बंदच्या पाटीपाशी एकजण गाडीतून उतरून ओरडत होता, उंदरासाठी रस्ता अडवलाय म्हणून. तासाभरापूर्वी एक बाई येऊन झाडं का मारता म्हणून आमचे फोटो काढून गेल्या होत्या. दोघांना समोरासमोर उभं करावं असं फार वाटलं.

उपाय काढला तो मुकादमानं. साठीकडे झुकलेला माणूस, जन्म करवतीत गेलेला. तो बराच वेळ झाडाभोवती फिरला, बुंध्यावर हातोडीच्या मागच्या बाजूनं ठोकून आवाज ऐकला. मग मला म्हणाला, "तुला झाड नको पडायला, की झाड नको असायला?"

मला कळेना. "म्हणजे?"

"रस्त्याला धोका वरच्या भागाचा आहे. खालचा चार मीटरचा खुंट पडला तरी डांबरापर्यंत पोचत नाही. बुंधा ठणठणीत वाजतोय. खुंट ठेवू. वरचं सगळं पाळण्यातून."

चेरी पिकर रस्त्यावर उभा करायचा, पाळणा बांधावरून आत न्यायचा, बांधाला चाक लागू द्यायचं नाही. ऐकायला सोपं. पण जिवंत झाडावर वरच्याच फांदीला कप्पी लावून कापलेला तुकडा दोरानं हळूहळू खाली सोडता येतो, इथे ती फांदीच भरवशाची नाही. त्यामुळे दोर नाही. प्रत्येक तुकडा एका हातात मावेल एवढाच कापायचा, पाळण्यात ठेवायचा, पाळणा भरला की रस्त्यावर आणून रिकामा करायचा. यंत्रानं दहा मिनिटांत आटोपलं असतं त्याला दुपार उलटून गेली. साहेबांनी चेरी पिकरचा तासाचा दर मला दोनदा सांगितला. घरट्याच्या बरोबर वर आलेल्या फांद्यांना पाळण्यातल्या पोरानं इंजिनाची करवत लावलीच नाही, हातकरवतीनं कापल्या. त्याला तसं कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या अहवालाच्या नमुन्यात या गोष्टीला रकाना नाही. मुकादमाच्या हातोडीलाही नाही.

शिकाऊ मुलगी म्हणाली, घरट्यावर ताडपत्री धरू या का, भुसा पडतोय. मी नको म्हटलं. ताडपत्रीचा वास, माणसाची वर्दळ, आईची ये-जा बंद, यापेक्षा भुसा परवडला. हेझलच्या पानांवर पांढरट थर साचत होता. आई पुन्हा दिसली नाही. ती आत होती की लांब गेली होती, हे आम्ही उभे होतो तिथून कळणं शक्य नव्हतं आणि जवळ जाऊन बघणं म्हणजे पुन्हा त्रास देणं. संध्याकाळी रस्ता उघडला.

पुढच्या भेटीत घरटं रिकामं होतं. जागेवर होतं, फाटलेलं नव्हतं, रक्त नाही, विष्ठा नाही. आई घाबरली की पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे नेते, तसं झालं असेल. किंवा पिल्लं मोठी होऊन निघाली असतील, वयानं ती त्या बेताचीच होती. किंवा आई परतलीच नसेल आणि उरलेलं काम रात्रीच्या घुबडानं, नाहीतर मुंगसासारख्या एखाद्या वीझलनं केलं असेल. आजूबाजूच्या जाळीत मी हिंडले. गुळगुळीत कडेची ताजी फळं सापडली, पण ती याच आईची, हे कोण सांगणार?

अहवालात प्रश्न आहे: संरक्षित प्रजातीवर परिणाम झाला का? हो किंवा नाही. मी दोन्ही चौकोन रिकामे सोडून खाली चार ओळी लिहिल्या. कार्यालयातून अहवाल परत आला, एक चौकोन निवडा म्हणून. माझ्या वरिष्ठांचं मत, "नाही" लिही, कारण परिणामाचा पुरावा नाही. त्यांचं तर्कशास्त्र मला कळतं. पण पुरावा मिळवायचा तर घरटं उसकटावं लागलं असतं. एवढंच नाही, खुंटाभोवती आता भरपूर उजेड येतो. दोन-चार वर्षांत तिथे ब्लॅकबेरी आणि हेझल असे माजतील की डॉरमाऊसला ते आधीपेक्षा बरं. ॲश मेले म्हणून हेझल फळतो, हेही परिणामातच धरायचं की काय?

रस्त्याचा पुढचा टप्पा रस्ते विभागानं जानेवारीत धरलाय, तेव्हा वाहतूक कमी म्हणून पाट्या-माणसांचा खर्च कमी. वटवाघळांच्या ढोल्या पुन्हा तपासाव्या लागतील, पण ते जमण्यासारखं आहे. खरी पंचाईत डॉरमाऊसची. थंडीत तो झुडपात नसतो. जमिनीवर, पानांच्या थराखाली, शेवाळाच्या आडोशाला घट्ट चेंडू करून झोपतो, म्हणजे बरोबर तिथे, जिथे जबड्याचं यंत्र फिरणार. मी कळवलं की थंडीत बांधावर यंत्र नको, हातानंच आणि रस्त्यावरूनच काम करा, नाहीतर सप्टेंबरची वाट बघा. यावर त्यांनी विचारलंय की झोपलेले डॉरमाऊस मी आधी शोधून तिथे झेंडे लावून देऊ शकेन का. त्यांना लिहायचंय की तसे ते शोधायची खात्रीची पद्धत कुणाकडेच नाही. सोबत मुकादमाकडून चेरी पिकरचा अंदाज मागवलाय, तो आला की दोन्ही एकदम पाठवीन.