पिवळ्या चिठ्ठ्या

ओहायोतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी संदर्भ विभाग सांभाळते. २१ नोव्हेंबर २०१९चा दिवस. आदल्या दिवशी युरोपीय संघातले अमेरिकेचे राजदूत गॉर्डन सॉन्डलंड यांची ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोग चौकशीत, प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे, जाहीर साक्ष झाली होती.

दार उघडताच एक सत्तरीचे गृहस्थ आले. शेतीची जुनी मासिकं वाचायला नेहमी येतात. "कोणीच काही सांगितलं नव्हतं, असं कबूल केलंय त्याने. छापून द्या मला." त्यांच्या मागेच एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. "अहो, 'क्विड प्रो क्वो' होतं, असं शपथेवर सांगितलंय त्यांनी!" साताऱ्याला आईला फोनवर या शब्दाचा अर्थ मी सांगितला होता: तू हे कर, मग मी ते देतो.

दोघांचंही म्हणणं कागदावर होतं. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना व्हाइट हाउसची भेट हवी, तर त्यांनी ट्रम्प यांच्या राजकीय विरोधकांशी संबंधित चौकश्या जाहीर कराव्यात. या सौद्याबद्दल सॉन्डलंड यांनी निवेदनात स्पष्ट 'हो' म्हटलं होतं. युक्रेनची अडवून ठेवलेली सुमारे ३९ कोटी डॉलरची मदत हा दुसरा मुद्दा. त्यावर आमच्याच ओहायोचे खासदार माइक टर्नर यांनी त्यांना धारेवर धरलं: मदत चौकश्यांना बांधलीय, असं या पृथ्वीतलावर तुम्हाला कोणी सांगितलं? कोणीच नाही, तो माझा तर्क, असं सॉन्डलंड म्हणाले. मदत का थांबली याचं पटणारं कारण कुणी देईना, म्हणून आपण तसं मानू लागलो, हेही त्यांच्याच निवेदनात होतं. रात्री एका वाहिनीने 'हो' दाखवलं, दुसरीने 'कोणीच नाही'. माणसं आपापला तुकडा घेऊन झोपली. मला याचा मनापासून राग येत होता.

म्हणून मी निवेदन आणि एका वृत्तपत्राने दिलेली प्रश्नोत्तरं, दोन्ही दोघांसाठी छापली. प्रत्येक प्रतीत 'हो' असलेल्या पानावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली, टर्नर यांच्या प्रश्नावर दुसरी. प्रत्येकाने दुसऱ्याचा अर्धा भाग वाचावा, एवढीच इच्छा.

गृहस्थांनी पानं चाळली. "ही खूण कोणी केली?"

"मी."

"म्हणजे मी काय वाचायचं, ते तुम्ही ठरवणार?"

शिक्षिकाबाईंनीही मान वर केली. "आणि तो तर्क त्यांनी कशावरून केला, त्या पानावर खूण का नाही?"

मी गप्प झाले. त्यांचं बरोबर होतं. त्या तिसऱ्या पानाचं महत्त्व मला ठाऊक होतं, तरी दोन्ही पारडी सारखी दिसावीत म्हणून मी ते सोडून दिलं होतं. आमच्या कामात मत द्यायचं नसतं. पण चिठ्ठी लावणं हेही मतच होतं, हे पंधरा वर्षांच्या नोकरीत त्या दिवशी कळलं. मी चारही चिठ्ठ्या काढून घेतल्या.

दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसून वाचत राहिली. एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. बंद व्हायला अर्धा तास असताना गृहस्थ परत आले. "ऑक्टोबरमध्ये याची बंद दाराआड साक्ष झाली होती ना? ती मिळेल?"

"शेकडो पानं आहेत."

"असू देत."

मी प्रिंटरमध्ये नवा कागद भरला.