हॅम्लेट खरोखर वेडा होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शेक्सपिअरच्या नाटकातला डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट याचे वेड खरे की सोंग, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझ्या मते ते सोंगच आहे. मात्र ते कशासाठी घेतले, याचे जे उत्तर सर्रास दिले जाते ते मला पटत नाही.

सोंगाचा पुरावा पहिल्याच अंकात आहे. पित्याचे भूत, काका क्लॉडिअसने केलेल्या आपल्या खुनाची हकिगत सांगून गेल्यावर हॅम्लेट मित्र होरेशिओ आणि पहारेकरी मार्सेलस यांना शपथ घालतो की, पुढेमागे मी विक्षिप्तासारखा वागू लागलो, तरी त्यामागचे कारण ठाऊक असल्याची पुसटशी खूणही तुम्ही कोणाला देऊ नये. त्यानंतर तो एकांतात बोलतो तेव्हा त्याचे विचार भरकटत नाहीत, आणि होरेशिओशी तर तो सदैव शहाण्यासारखाच बोलतो. खरे वेड कसे असते हे शेक्सपिअरने हॅम्लेटची प्रेयसी ओफेलिया हिच्यात दाखवले आहे. समोर कोण आहे याचे तिला भान उरत नाही, हॅम्लेटला मात्र ते क्षणभरही सुटत नाही.

पण हे सोंग घेतले कशाला? जीव वाचवण्यासाठी, असे म्हणतात. डॅनिश इतिहासकार सॅक्सो ग्रॅमॅटिकसने 1200 च्या सुमारास लिहिलेल्या मूळ डॅनिश कथेत ते बरोबर आहे, कारण तिथे काकाने केलेला खून जगजाहीर असतो आणि पोर शहाणे निघाले तर त्याचाही काटा काढला जाणार, हे उघड असते. शेक्सपिअरच्या नाटकात मात्र खून गुप्त आहे आणि क्लॉडिअसला पुतण्याविषयी अद्याप संशयही नाही; उलट वेडाचे चाळे सुरू झाल्यावरच तो हेर नेमतो, आडून संभाषण ऐकतो आणि हे वेड वाटत नाही असे ठरवून त्याला इंग्लंडला पाठवायचा बेत करतो. डावपेच म्हणून हे सोंग पुरते फसलेले आहे. इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने 1765 मध्येच म्हटले होते की, या सोंगाला पुरेसे कारण दिसत नाही.

मला वाटते, हॅम्लेटला लपायचे नसून बोलायचे आहे. ज्या दरबारात कोणीच खरे बोलत नाही, तिथे राजाचा मंत्री पोलोनिअस याला तोंडावर मूर्ख ठरवण्याची मुभा वेड्यालाच मिळते. राजविदूषक यॉरिक मरून तेवीस वर्षे झाली आहेत. त्याची रिकामी जागा राजपुत्राने घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

या मताला खरी अडचण दोन ठिकाणी येते. पहिल्या अंकातले भूत पहारेकऱ्यांनाही दिसते, पण आईच्या महालात ते फक्त हॅम्लेटला दिसते. तरीही त्याच भेटीत, आपण वेडे नसून वेडाचे नाटक करतो आहोत, असे तो तिला स्पष्ट सांगतो. दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. अखेरच्या द्वंद्वापूर्वी तो पोलोनिअसचा मुलगा लेअर्टीस याची, त्याच्या वडिलांना मारल्याबद्दल, क्षमा मागतो आणि म्हणतो, तुझा अपराध मी केला नाही, माझ्या वेडाने केला. पडद्याआड दडलेल्या पोलोनिअसला त्याने भोसकले तेव्हा तो आईशी पूर्ण शुद्धीवर बोलत होता. आईला सांगितले ते खरे असेल, तर लेअर्टीसला सांगितलेले खोटे ठरते. जॉन्सनलाही हा बचाव शूर माणसाला न शोभणारा वाटला होता. मी त्याच्याशी सहमत आहे. फक्त एवढेच की, ज्याच्यापुढे हे खोटे बोलले जाते तो लेअर्टीसही विषारी तलवारीचा बेत मनात ठेवूनच, तुझा स्नेह मी स्नेह म्हणूनच स्वीकारतो, असे उत्तर देतो.